शिवाराला विभाग नसतात

यवतमाळ जिल्ह्यातल्या बाभूळगाव तालुक्यात पाचखेडला पोचलात की आधी टेकाडावर चढा. साल २०२४. चहूकडे काळी जमीन, वेचणी झालेल्या पऱ्हाट्या अजून रानात उभ्या, बांधावर बाभळी. निजामाच्या अमदानीत याच उंचवट्यावरून टेहळणी चालायची. आता टेकाडात चौकोनी खड्डा घेतलेला आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागानं डॉ. प्रभाष साहू यांच्या नेतृत्वाखाली २०२३-२४ मध्ये इथं उत्खनन केलं. शिडीला हात घाला आणि उतरा.

सर्वांत वरचा थर निजामकाळाचा. त्याखाली मध्ययुग, त्याखाली सातवाहन. मातीचा रंग पालटत जातो, खापरांचा पोत पालटत जातो. वस्तीचा हा सगळा साठा पावणेनऊ मीटरच्या घरात भरतो. एवढं उतरून तळाशी पाय टेकलात की तुम्ही लोहयुगात आहात, अंदाजे तीन हजार वर्षं मागे.

समोर गोल घर आहे. जमीन चुनखडीची, कडेनं लाकडी खांब, आत चूल. चुलीपाशी बसा. धूर डोळ्यांत जातोय. बाजूला मातीची भांडी, लोखंडाची अवजारं, रंगीत दगडांचे मणी, हाडाच्या वस्तू. या घरातली बाई काय शिजवत होती, तिचं लोखंड कोणी घडवलं, मण्यांचे दगड कुठून आले, हे तिला विचारायची सोय नाही. ते विचारायचं असेल तर बऱ्याच जणांकडे जावं लागतं. कोळशाचा कण दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरकडे जातो. तिथले भौतिकशास्त्रज्ञ कार्बन-१४ चे उरलेले अणू मोजतात. दर ५,७३० वर्षांनी ते निम्मे होतात, त्यावरून वय निघतं. हाडं ओळखायला प्राणिशास्त्र लागतं, जळके दाणे ओळखायला वनस्पतिशास्त्र, माती वाचायला भूशास्त्र, लोखंडासाठी धातुशास्त्र. एकट्या पुरातत्त्वाला या घराचा उंबरासुद्धा ओलांडता येत नाही, आणि हे त्या क्षेत्रातल्या माणसांनी केव्हाच स्वीकारलं आहे.

विझलेल्या एका चुलीसाठी इतकी शास्त्रं एकत्र येतात. त्याच तालुक्यात आज संध्याकाळी पेटणाऱ्या चुलींसाठी किती येतात? हा प्रश्न बरोबर घ्या आणि शिडी चढायला लागा.

बाहेर याल ते १८६८ सालात. जिल्ह्याला अजून यवतमाळ हे नाव नाही. कागदोपत्री हा वूण जिल्हा, म्हणजे वणीचा. १९०५ मध्ये दारव्हा आणि पुसद हे भाग जोडून यवतमाळ जिल्हा व्हायचा आहे. रस्त्यावर बैलगाड्यांची रांग आहे, गाड्यांत कापूस दाबून भरलेला. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं आणि त्या चार वर्षांत चढलेला भाव घसरला, तरी गाड्या थांबलेल्या नाहीत. ज्वारीच्या जमिनीवर कपाशी चढत चालली आहे.

या मुलखाच्या कापसावर सरकारनं एक खास अधिकारी नेमलेला आहे, मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा कॉटन कमिशनर हॅरी रिव्हेट-कार्नाक. बी कोणतं, रुईचा धागा किती लांब, गाठी कशा बांधतात, माल रेल्वेपर्यंत कसा पोचतो, हे सारं त्याच्या कामात येतं. त्याला दुसराही नाद आहे. माळरानावर जुन्या थडग्यांभोवती गोलाकार मांडलेले मोठे दगड दिसले की तो थांबतो. नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळं त्यानं खणली आणि १८७९ मध्ये त्यांवर लिहिलं. विदर्भाच्या महापाषाणी संस्कृतीच्या अभ्यासाची सुरुवात सांगताना त्याचं नाव आजही घ्यावं लागतं. म्हणजे पाचखेडच्या तळाशी तुम्ही ज्या काळात बसला होता, त्याच्या दारापर्यंत पोचलेल्या पहिल्या काही अभ्यासकांत हा कापसाचा अधिकारी आहे.

त्याच्या तंबूबाहेर उभे राहा आणि त्याची नजर कुठं कुठं जाते ते बघा. मेलेल्यांच्या थडग्यांकडे जाते, जमिनीकडे जाते, बोंडाकडे जाते. गाडीवानाच्या घरातल्या कणगीत ज्वारी किती उरली, तिकडे मात्र जात नाही, कारण त्याला नेमणाऱ्यांनी ते विचारलेलंच नाही. तीस-बत्तीस वर्षांनी, १८९९-१९०० च्या दुष्काळात, वऱ्हाडातली माणसं अन्नावाचून मेली. कापूस भरपूर पिकवणारा प्रदेश धान्याला कसा मोताद झाला, याची जुळणी इतिहासकार लक्ष्मण सत्या यांनी ‘कॉटन अँड फॅमिन इन बेरार’ या ग्रंथात केली. तो ग्रंथ १९९७ चा. संशोधनाला कधी कधी शंभर वर्षं उशीर होतो, आणि त्या उशिराची किंमत संशोधक भरत नाही.

आता दक्षिणेला चला, पैनगंगेपर्यंत. अलीकडे यवतमाळ, पलीकडे निजामाचा आदिलाबाद. साल १९४० च्या आसपासचं. दोन्ही काठांवर सागाचं जंगल, आणि जंगलात कोलामांचे पोड. पोड म्हणजे कोलामांची वस्ती, गावापासून थोडी बाजूला, मोजक्या घरांची. तुम्ही पोडाच्या प्रमुखाच्या, नाइकाच्या, अंगणात बसलात. माणसं तुमच्याशी मराठीत बोलतात, आपसात मात्र दुसरंच काही चाललंय. ती कोलामी, द्राविड कुळातली भाषा, मराठीच्या कुशीत शतकानुशतकं राहिलेली.

त्या वेळी या भाषेकडे कान देणारी दोन माणसं होती. एक अमेरिकेहून आलेले मरे एमेनो. त्यांनी वर्ध्याकडच्या कोलामांकडून भाषा ऐकली, टिपली आणि १९५५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातर्फे तिच्यावर ग्रंथ काढला. पुढच्याच वर्षी त्यांचा तो गाजलेला निबंध आला. भारतातल्या वेगवेगळ्या कुळांतल्या भाषा शेजारानं एकमेकींसारख्या होत जातात, असं त्यात त्यांनी मांडलं. दुसरे आपले सेतुमाधवराव पगडी. मराठी वाचक त्यांना मराठ्यांच्या इतिहासाचे संशोधक म्हणून ओळखतो, उर्दू काव्याचे मर्मज्ञ म्हणून ओळखतो. पण निजामाच्या सेवेत राहिलेल्या या अधिकाऱ्यानं १९५० मध्ये कोलामीचं व्याकरणही लिहिलं, आणि नंतर गोंडीचं. फारसी कागद वाचणारा, गालिब समजावून सांगणारा माणूस पोडावर बसून क्रियापदांची रूपं विचारतो, हे दृश्य मला फार मोलाचं वाटतं. पगडींना कोणी विचारलं नसेल की तुमचा विषय नेमका कोणता. ज्या मुलखाचा कारभार बघायचा, त्या मुलखाची भाषा, इतिहास आणि माणूस हे वेगळे विषय आहेत, असं त्यांना वाटत नव्हतं.

इथून एक लांबची उडी मारायची आहे. घाबरू नका, धागा कापसाचाच आहे.

१९३३ मध्ये जोसेफ हचिन्सन हा तरुण इंग्रज जनुकशास्त्रज्ञ इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्रीत आला. चार वर्षं त्यानं देशी कपाशीचा अभ्यास केला. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत रुजलेली, खोल मुळांची, कमी पाण्यावर तगणारी गॉसिपियम आर्बोरियम ही जात त्या अभ्यासाच्या मध्यभागी होती. १९४७ मध्ये त्यानं दोन सहकाऱ्यांबरोबर कपाशीच्या उत्क्रांतीवर ग्रंथ लिहिला. १९४९ मध्ये तो युगांडात गेला, कंपालाजवळच्या नामुलोंगे इथल्या कापूस संशोधन केंद्राचा प्रमुख झाला. १९५३ पासून मकेरेरे कॉलेजच्या, म्हणजे आजच्या मकेरेरे विद्यापीठाच्या, कार्यकारी मंडळाचं अध्यक्षपदही त्याच्याकडे होतं.

तर आता तुम्ही १९५४ च्या कंपालात, मकेरेरेच्या टेकडीवर आहात. माती लाल आहे, पाऊस वर्षातून दोनदा येतो, पण टेकडीखालच्या वाडीत तुम्हाला ओळखीचं बोंड दिसतं. नामुलोंगेत मॅनिंग नावाचा शास्त्रज्ञ पावसाच्या जुन्या नोंदी घेऊन बसला आहे. सरासरी पाऊस सांगून शेतकऱ्याचं भागत नाही, असं त्याचं म्हणणं. अमुक आठवड्यात पुरेसा पाऊस पडण्याची शक्यता किती, ते सांगा, म्हणजे पेरणी कधी करायची ते त्याला ठरवता येईल. शेजारच्या खोलीत कोणी मातीतली ओल मोजतंय, कोणी वाण पारखतंय, कोणी कीड. इकडे टेकडीवर पूर्व आफ्रिकेच्या समाजसंशोधन संस्थेत मानववंशशास्त्रज्ञ ऑड्री रिचर्ड्स यांनी दुसराच प्रश्न धरला आहे. बुगांडाच्या कापसा-कॉफीच्या मळ्यांवर परमुलखातून मजुरीला आलेली ही हजारो माणसं कोण, ती का आली, काय कमावतात, कुठं राहतात? त्यांच्या संपादनाखालचा तो अभ्यास त्याच १९५४ साली पुस्तकरूपानं आला. याच रिचर्ड्स यांनी त्याआधी उत्तर ऱ्होडेशियात एका जमातीची जमीन, मजुरी आणि आहार यांचा एकत्र अभ्यास केला होता. पोटात काय जातं हे कळल्याशिवाय शेतीत काय चाललंय ते कळत नाही, हे त्यांनी १९३९ मध्येच पुस्तकातून दाखवून दिलं होतं.

ती साम्राज्याची सोय होती, हे मी विसरत नाही. नामुलोंगेचा खर्च ज्या महामंडळानं केला त्याला ब्रिटिश गिरण्यांसाठी कापूस हवा होता. तरीही पाऊस, माती, वाण, कीड आणि मजूर यांचा अभ्यास एका टापूत, एका काळात, एकमेकांना भेटू शकणाऱ्या माणसांनी करावा, ही गोष्ट तिथं घडत होती. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे संस्था कितीतरी मोठ्या झाल्या. अकोल्याचं कृषी विद्यापीठ १९६९ चं, नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ ची, अमरावती विद्यापीठ १९८३ चं, यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ चं. सगळ्या यवतमाळच्या शिवारापासून काही तासांच्या अंतरावर. त्या शिवारात त्या एकमेकींना किती वेळा भेटल्या, ते बघायला परत चला.

१९ मार्च १९८६ पाशी क्षणभर थांबावंच लागेल. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्यानं त्या दिवशी पवनारजवळ सहकुटुंब मरण पत्करलं. राज्यात दर वर्षी त्या तारखेला लोक अन्नत्याग करतात. पुढे आत्महत्यांचा आकडा वाढत गेला तेव्हा उच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून टाटा समाजविज्ञान संस्थेनं २००५ मध्ये अहवाल दिला. २००६ मध्ये इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेच्या श्रीजित मिश्रा यांचा अहवाल आला. त्यासाठी ते वर्धा, वाशीम आणि यवतमाळमधल्या घरांत गेले होते. त्याच वर्षी पंतप्रधान विदर्भात येऊन गेले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्या अहवालांचं मोल मोठं आहे. कर्ज, नापिकी, भाव, घरातली आजारपणं हे सगळं एकमेकांत कसं गुंतलेलं असतं, ते त्यांनी कागदावर आणलं.

आता २०१७ चा सप्टेंबर. इथं तुम्ही पाहुणे नाही. इथं तुम्ही रोजंदार आहात.

सकाळचे दहा. पाठीवर पंप, पंधरा-सोळा लिटर द्रावण, पट्टा खांद्यात रुतलेला. अंगात बनियन, कमरेला लुंगी, तोंडावर दुपट्टा, पाय उघडे. मालकाच्या बांधावर बादलीत औषध कालवलंय. एक तुडतुड्यांचं, एक अळीचं, वर एक टॉनिक, दुकानदारानं सांगितलं तसं. काडीनं ढवळता ढवळता हात मनगटापर्यंत ओला झाला. बाटलीवर लाल त्रिकोण आहे. लाल म्हणजे अतिविषारी, हे तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही. खालची अक्षरं इतकी बारीक की शाळा शिकलेल्यालाही ती उन्हात वाचता येणार नाहीत. कोलामीत तर काहीच नाही.

तुम्ही तासात शिरता. यंदाची पऱ्हाटी वेगळीच आहे. एरवी छातीला लागते, यंदा डोक्याच्या वर गेलीय, आणि दाट इतकी की दोन तासांमधून वाट काढावी लागते. शेंड्यावर फवारायचं म्हणजे नोजल तोंडाच्या वर धरायचं. पंप बॅटरीचा आहे, हातपंपापेक्षा बारीक तुषार सोडतो. वारा नाही. दमटपणा इतका की तुषार खाली बसत नाही, झाडांच्या मधे लटकून राहतो. तुम्ही त्यातून चालता. घाम येतो, बनियन चिकटतं, औषध आणि घाम एक होतो. बांधावरून आवाज येतो, “भाऊ, अजून चार पंप बाकी हायेत, मंग जा घरी.”

तिसऱ्या पंपाला डोळ्यांपुढं धूसर होतं. तुम्हाला वाटतं ऊन लागलं. मग तोंडाला पाणी सुटतं, पोटात मुरडा येतो, हात थरथरतो. तुमच्या शरीरात त्या वेळी काय चाललंय ते रसायनशास्त्र अचूक सांगतं. मज्जातंतूनं स्नायूला निरोप द्यायचा तो ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनातून. निरोप पोचला की एक विकर ते रसायन लगेच मोडतं. ऑरगॅनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक त्या विकरालाच जखडतं. निरोप थांबतच नाही. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ, घाम, अश्रू वाहत राहतात, फुप्फुसात पाणी साठतं. किडा असाच मरतो. तुमची नि त्याची यंत्रणा या एका बाबतीत सारखी आहे.

संध्याकाळी तुम्हाला जीपमधून यवतमाळला आणलं जातं. वॉर्डात खाटा पुरत नाहीत, जमिनीवर गाद्या. शेजारी कोणी आर्णीकडचा, कोणी कळंबचा, कोणी राळेगावचा. काही जणांचे हात खाटेला बांधलेत, कारण ते भ्रमात उठून पळतात. डॉक्टर विचारतात, “काय फवारत होता?” तुम्हाला माहीत नाही. बाटली बांधावर राहिली. फक्त ऑरगॅनोफॉस्फेट असतं तर ॲट्रोपिनचा इलाज ठरलेला आहे. पण बादलीत तीन-चार गटांची औषधं होती, आणि त्यांतल्या काहींवर ॲट्रोपिन चालत नाही. डॉक्टर लक्षणं बघत बघत इलाज करत राहतात. त्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात अशी शेकडो माणसं दवाखान्यात आली आणि वीसहून जास्त दगावली.

तुम्ही वाचलात असं समजा, आणि खाटेवर पडल्या पडल्या उलट चालत जा.

फवारलं का? किडी हटत नव्हत्या म्हणून. तुडतुडे, पांढरी माशी होतीच, त्यात गुलाबी बोंडअळी परतली. ती का परतली? झाडातच अळीचं विष तयार करणाऱ्या बीटी कपाशीचं बी २००२ मध्ये आलं, दुसरं जनुक घातलेलं २००६ मध्ये. बोंडअळी या दोन्ही विषांना हळूहळू सरावली. पहिल्या जनुकाला सरावल्याचं गुजरातेतून २०१० च्या सुमारासच कळलेलं होतं. सरावू नये म्हणून ४५० ग्रॅमच्या बीटीच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम साध्या बियांचं पाकीट दिलं जायचं, कडेनं लावायला. अर्धा-एक एकर जमीन असलेल्याला ती कडा परवडत नाही. शिवाय आपल्याकडे बीटी आलं ते मुख्यतः संकरित वाणांत. केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे संचालक राहिलेले केशव क्रांती यांनी वारंवार सांगितलं की संकरित झाडाच्या एकाच बोंडात विष असलेल्या आणि नसलेल्या सरक्या शेजारी शेजारी असतात, आणि अळीला सराव करायला याहून सोयीची जागा नाही. त्यावर फरदड. जानेवारीनंतरही पाणी देऊन चार क्विंटल वाढवायचं, म्हणजे अळीला पुढच्या हंगामापर्यंत घर मिळतं. फरदड का घेतात? पहिल्या वेचणीत कर्ज फिटत नाही म्हणून. आणि कर्ज का फिटत नाही ते २००६ च्या अहवालात लिहिलेलं आहे.

कीटकशास्त्रातून निघालात आणि अर्थशास्त्रात पोचलात. मधे कुठंही कुंपण लागलं नाही.

झाड इतकं का वाढलं, हे वनस्पतिशास्त्राला विचारायचं. तुषार का लटकला, हे हवामानशास्त्राला. बारीक थेंबाचा पंप कोणी तपासून बाजारात आणला, हे अभियांत्रिकीला. रोजंदाराच्या अंगावर मास्क, हातमोजे, गॉगल का नव्हते, याची उत्तरं दोन आहेत. मालकानं दिले नाहीत, हे कायद्याचं. दमट उकाड्यात ते घालून कोणी काम करूच शकत नाही, हे शरीरशास्त्राचं. दक्षिण आफ्रिकेत बार्बर्टनला पार्नेल नावाच्या शास्त्रज्ञानं १९२० च्या दशकातच दाखवलं होतं की पानावर लव असलेल्या कपाशीवर तुडतुडे टिकत नाहीत. शंभर वर्षांपूर्वीची ती ओळ यवतमाळच्या बियाण्याच्या दुकानात कोणी उच्चारत नाही, आणि फवारणीचं पहिलं कारण तुडतुडेच असतात.

मरणं झाल्यावर मात्र सगळे एका टेबलाशी आले. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमलं गेलं, त्यात कापूस संशोधन संस्थेचे संचालकही होते. यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलडाणा, वाशीम या जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांवर साठ दिवसांची बंदी आली. त्यांत मोनोक्रोटोफॉस होतं, ॲसिफेट होतं, डायफेन्थियुरॉन होतं, आणि दोन तयार मिश्रणं होती. बंदी नोव्हेंबरात आली. तोवर फवारणीचा मुख्य हंगाम उरकला होता. त्या टेबलावर जी शास्त्रं बसली ती जूनमध्ये बसली असती तर? माझा आक्षेप एवढाच आहे, आणि तो मी सोडणार नाही.

जिल्ह्यात शास्त्राला पाठपुरावा जमतो, हे आपण दुसऱ्या एका जिवाच्या बाबतीत पाहिलं आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत टिपेश्वर अभयारण्यातल्या एका तरुण वाघाच्या गळ्यात डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या चमूनं रेडिओ पट्टा बांधला. जूनमध्ये तो बाहेर पडला. पैनगंगा, आदिलाबाद, नांदेड, हिंगोली, वाशीम, अकोला करत तो बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. पट्टा निघेपर्यंत त्याची चाल तीन हजार किलोमीटरच्या वर भरली. त्यातली बरीचशी शेतांतून, कपाशीतून होती. दिवस-रात्र तो कुठं आहे ते कळत राहिलं, म्हणून वाघाला कोणता मार्ग लागतो ते कळलं. मला या अभ्यासाचा अभिमान वाटतो. आदल्याच वर्षी, २ नोव्हेंबर २०१८ ला, राळेगावच्या जंगलात अवनी वाघीण गोळी घालून मारली गेली होती. तेरा माणसांच्या मृत्यूंचा ठपका तिच्यावर होता. वेचणीला जाणाऱ्या बायांची भीती, गुराख्यांची पोटं आणि वाघांची वाढती संख्या यांचा एकत्र विचार त्या वेळी वेळेवर झाला नव्हता.

वाघाच्या चालीवर जेवढं लक्ष ठेवलं तेवढं फवारणाऱ्या माणसाच्या रक्तावर ठेवता येतं. रक्तातल्या कोलिनेस्टेरेझची, म्हणजे त्या जखडल्या जाणाऱ्या विकराची, चाचणी हंगामाआधी एकदा आणि हंगामात पुन्हा केली, की विष साठतंय ते माणूस कोसळायच्या आधी कळतं. यात नवा शोध काही नाही, चाचणी जुनी आहे. लागतात ती चार माणसं एका गावात, एका जूनमध्ये. वैद्यकीय महाविद्यालयातला एक विद्यार्थी, कृषी विद्यापीठातला एक, समाजशास्त्रातला एक, आणि पोडावरची भाषा येणारा एक. यवतमाळ, वणी, पुसदच्या महाविद्यालयांत ही चौघं आजही शिकत आहेत. त्यांचे मार्गदर्शक वेगळे, विद्यापीठं वेगळी, प्रबंधाचे नियम वेगळे. कुलगुरूंनी एकत्र बसून ही एक अडचण दूर करावी. एक गाव, एक हंगाम, चार शाखा, एकच अहवाल. तो अहवाल आधी मराठीत आणि कोलामीत निघावा, ग्रामसभेत वाचला जावा, मगच नियतकालिकाकडे जावा.

आणि तुम्ही जिल्ह्यातले असाल तर एक काम तुमच्याकडेही आहे. गेल्या वीस वर्षांत तुमच्या गावात कोणी ना कोणी प्रश्नावली घेऊन आलं असेल, ओसरीवर बसून चहा घेऊन, जमीन किती, कर्ज किती, घरात कोण गेलं, हे लिहून नेलं असेल. त्या संस्थेला ग्रामपंचायतीच्या शिक्क्यानिशी पत्र पाठवा आणि निष्कर्षांची प्रत मागा. ती माहिती तुमची आहे.